उंबराच्या अंगाचा खळगा

पायथ्याच्या कापड्याला गाडी ठेवून वाडीवर चढायला पूर्वी मला अर्धा तास पुरायचा. परवा दीड तास लागला. वाटेत दोनदा बसले, एकदा उगाचच चपलेचा बंद तपासला, आणि सगळा दोष गुडघ्यांवर ढकलून मोकळी झाले. गुडघ्यांचं काहीही बिघडलेलं नव्हतं. मलाच वर पोचायचं नव्हतं.

वर माझी आते राहते. वडिलांची थोरली बहीण, अनसूया. वाडीत तिला सगळे अनशी म्हणायचे. आता म्हणणारेच उरले नाहीत, सतरा घरांपैकी चार घरांत चूल पेटते. वरच्या बाजूनं डोंगराला भेग गेली आहे, आणि तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्याकडे असल्या भेगेला कुणी हसण्यावारी नेत नाही. येत्या पावसाआधी वाडी खाली उतरणार आहे. माझ्या धाकट्या भावानं महाडच्या घरात आतेसाठी मागची खोली रिकामी केली आणि तिला आणायचं काम माझ्या गळ्यात घातलं. फोनवर हसत हसत म्हणाला, "म्हातारी अजून खळं सारवते, माहितेय ना? दर दिवाळीला. मळायला भाताचा एक दाणा नाही, आणि हिचं आपलं शेणमाती चालू." मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र हातातलं काम पुढे सरकेना.

वाडीच्या तोंडाशी उंबर आहे आणि उंबराच्या पलीकडे खळं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दिसण्याआधी मला त्याचा वास आला. वाळत आलेल्या शेणाचा, त्याखालच्या ओल्या मातीचा, आणि उंबराखाली फुटून पडलेल्या फळांचा आंबूस वास. बाकी सगळीकडे गवत कमरेइतकं माजलेलं, पडक्या घरांच्या जोत्यांवर टाकळा वाळलेला, आणि मध्ये हे वाटोळं, हिरवट, बोटांच्या ओळी उमटलेलं खळं. एक काडीही पडलेली नव्हती त्यात. मी कडेला थांबले आणि आत पाऊल टाकायच्या आधी न ठरवताच चपला काढल्या.

मी गोल्फ कोर्स आखते. हे सांगितलं की आमच्याकडची माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. आतेला मी एकदा फोटो दाखवले होते. तिनं डोळे बारीक करून एकेक फोटो पाहिला आणि विचारलं, "येवढं गवत, आन् गुरं कुटं हायेत?" गुरं नसतात म्हटल्यावर तिला माझी कीव आली असावी. लोक मला विचारतात, ही आवड लागली कुठून? मी त्यांना कॉलेजचा किस्सा सांगते. बागायतीच्या शिक्षणाला पुण्याला होते तेव्हा सरांनी आम्हाला गवताच्या जाती बघायला एका गोल्फ क्लबवर नेलं होतं. टेकाडाला वळसा घालून आम्ही गेलो, आणि समोर कापलेल्या गवताचा गुळगुळीत गोल, आणि त्याच्या आत काठी रोवलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे तर खळं आहे! बैल कुठे आहेत?" वर्ग हसला. सरही हसले. किस्सा मी इथंच संपवते, कारण पुढचा भाग हसण्यासारखा नाही.

आम्ही महाडला राहायचो. वडील शाळेत शिक्षक. दिवाळीची सुट्टी लागली की मला एसटीनं पोलादपूरला आणि तिथून वाडीवर पोचवायचे, आणि मी थेट आतेच्या मागे लागायची. आतेला नवऱ्यानं टाकलेली. लग्नानंतर दोन वर्षांत ती पत्र्याची पेटी घेऊन परत आली ती कायमचीच. का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या नावावर जमीन नव्हती, घर भावाचं, म्हैससुद्धा भावाची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. वाडीचं खळं ती घालायची.

सतरा घरांचं एकच खळं. पावसानं त्याची पार रया गेलेली असायची. भात कापणीला आलं की आते म्हणेल त्या दिवशी सगळे जमायचे. जमीन उकरायची, खडे वेचायचे, वारुळाची माती आणून पसरायची, पाणी मारायचं आणि मग तुडवायची. बायका, पोरं, म्हातारे, सगळे गुडघाभर चिखलात गोल गोल. आते मात्र तुडवत नसे. ती सगळ्यांच्या मागून अनवाणी चालायची, हळूहळू, डोळे मिटून. मध्येच थांबायची. "हितं दोन बोटं चढव." लोक माती टाकायचे. पुन्हा चालायची. "ह्ये काढ." अंगानं आडदांड बाप्येसुद्धा निमूटपणे काढायचे. मग लाकडी चोपण्यांनी ठोकणं सुरू व्हायचं, धप धप धप, समोरच्या डोंगरावरून तो आवाज एक ठोका उशिरानं परत यायचा आणि मला वाटायचं पलीकडेही एक वाडी आहे आणि तिथंही कुणाची तरी आते खळं घालते आहे.

माती वाळत आली की खरी गंमत. आते कमरेच्या पिशवीतून सागरगोटा काढायची. राखाडी, गुळगुळीत, हाताच्या घामानं काळा पडलेला. खळ्याच्या कडेला उकिडवी बसून ती तो हलकेच सोडायची. सागरगोटा सरळ निघायचा, मध्येच त्याला काहीतरी आठवल्यासारखा वळायचा आणि उंबराकडे जायचा. कुठूनही सोडा, शेवटी उंबराकडेच. मी डोळे जमिनीला लावून बघायची, मला उतार दिसायचाच नाही.

"दिसाचा नाय गो," ती म्हणायची. "बगनाऱ्याला सपाट, पान्याला उतार. दिसला तर खळं कसलं?"

पुढे मी या विषयावर जाडजूड पुस्तकं वाचली, परदेशी जाऊन परीक्षा दिल्या. याहून वेगळं त्यात काही नव्हतं.

मग शेणानं सारवायचं. मग मधोमध खड्डा करून त्यात तिवडा रोवायचा. तिवडा म्हणजे मळणीच्या बैलांना ज्याच्याभोवती फिरवतात तो खांब. त्याला आंब्याची डहाळी बांधायची, नारळ फोडायचा. मळणी झाली की वाऱ्यावर उपणलेल्या भाताचं पहिलं सूप आतेच्या पदरात पडायचं. ती ते घ्यायला पुढे यायची तेव्हा डोक्यावरचा पदर नीट करायची. इतर दिवशी तिला कुठेच कुणी पुढे बोलवत नसत. हळदीकुंकवाला नाही, पाचवीला नाही, बारशाला नाही. काही बायका कुजबुजायच्या, की टाकलेल्या बाईचा हात खळ्याला कशाला? पण पाणी कधी साचायचं नाही, त्यामुळे त्यांना कुजबुजण्यावरच भागवावं लागायचं. तिच्या खळ्यावर लोकांचा इतका भरवसा की भाताच्या भाऱ्यांची उडवी रचताना खाली दगड-लाकडं मांडायचीही पद्धत आमच्या वाडीनं सोडून दिली होती. "अनशीचं खळं हाय" म्हणायचं आणि थेट जमिनीवर रचायचं.

माझा खेळ या सगळ्याच्या मागे चालायचा. दुपारी माणसं शेतावर गेली की वाडी ओस पडायची. मी आतेचा सागरगोटा पळवायची, टोकाला वाकलेली एक काठी शोधायची आणि पाणवठ्यापासून निघायची. एक टोला जोत्यापर्यंत. दुसरा फणसाला वळसा घालून. गोठ्यामागची चिखलाची जागा चुकवायची, पडलं की परत पहिल्यापासून. आणि शेवटी खळ्यात, तिवडा रोवायच्या आधी, त्याच्यासाठी केलेल्या मधल्या खड्ड्यात. तो टप् आवाज झाला की अंगावर काटा यायचा. या खेळाला जगात नाव आहे, त्यावर माणसं आयुष्य घालवतात, याचा मला पत्ता नव्हता. मला एवढंच कळायचं की जमिनीत काहीतरी लपवलेलं असतं आणि ते शोधत जाण्यासारखं सुख नाही.

मी नऊ वर्षांची असतानाची ती दिवाळी. मधल्या खड्ड्याचा मला कंटाळा आला होता. तो सोपा होता, आणि त्यात आता तिवडाही उभा होता. मला अवघड जागा हवी होती, जिथं सागरगोटा उतारानं वळून येईल पण नेमका वळला तरच पडेल. मी तासभर सोडून सोडून बघितलं आणि उंबराच्या अंगाला, कडेपासून दोन हातांवर, ती जागा सापडली. माझ्या आयुष्यातली ती पहिली आखणी. अजूनही सांगते, जागा अचूक होती. मी खिळ्यानं सारवण फोडलं, खालची चोपलेली माती उकरली, मूठभर खड्डा केला. चोपलेला थर संपून भुसभुशीत माती लागली, तिथवर पोचले मी. चार वेळा खेळले. पाचव्या वेळी वाटेवर माणसांचा आवाज आला, तात्या भाताचे भारे घेऊन येत होते. तात्या म्हणजे आमच्या शेजारचे, गावात शब्दाला वजन असलेले. घाईघाईत मी खड्ड्यात पेंढा कोंबला, वरून ओलं शेण फासलं आणि बोटांनी ओळी ओढल्या, आते ओढते तशा. शेवटी आतेचीच भाची. तात्यांना काही दिसलं नाही. त्यांनी त्यावरच उडवी रचली.

दोन दिवसांनी पूर्वेकडून घाटावरून ढग उतरले आणि संध्याकाळी पाऊस झाला. तासभरच, पण चांगला दणकून. लोक उडवीवर पेंढा टाकायला धावले. आते ओटीवर निवांत बसून होती. "जाईल पानी," म्हणाली. पाणी तिनं दाखवलेल्या वाटेनं उंबराकडे निघालं, आणि वाटेत माझा खळगा होता.

मळणीच्या दिवशी तात्यांनी उडवी उतरवली. खालचे भारे उचलताच एक कुबट, गोडसर वास सुटला. भाताला मोड आले होते. पांढरे, बोटभर, एकमेकांत गुंतलेले. खालची जमीन बसली होती, पाय टाकला तर रुतत होता. खळगा त्या चिखलात विरघळून गेला होता, माझ्याखेरीज कुणाला ओळखू आला नसता.

"हितं चोपलंच नाय," तात्या म्हणाले.

"चोपलं व्हतं मी," आते म्हणाली.

"मग ह्ये काय हाय?"

आते खाली वाकली. तिनं चिखलात हात घातला, चोळून पाहिला, वास घेतला. "चोपलं व्हतं," ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी आवाज तात्यांना ऐकू जाण्याइतका नव्हता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ती काठी माझ्या हातात होती. मी बोलणार होते, हे मी नंतर पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मी बोलणार नव्हते. मी काठी पाठीमागे नेली.

मागून कुणीतरी बाई मोठ्यानं म्हणाली, "टाकलेल्या बायचा हात. आमी म्हनत व्हतो." आते ताठ झाली. मग म्हणाली, "आसंल. ऱ्हायलं आसंल माज्याकडनं." आणि पदर सारखा करून घरी निघून गेली. त्या वर्षी पहिलं सूप कुणालाच दिलं नाही. पुढच्या वर्षापासून मळणी बंद पडेपर्यंत खळं तात्यांचा पुतण्या घालत राहिला आणि आतेच्या वाट्याला शेणाच्या पाट्या वाहायचं काम आलं. उडवीखाली पुन्हा दगड आले. सुट्टी संपली, मी महाडला आले, शाळा भरली. सागरगोटा माझ्याच दप्तरात राहिला होता.

त्यापुढचं सांगायची तर मला जास्तच लाज वाटते. लहानपणी गप्प बसले, ठीक आहे, घाबरले होते. पण मोठी झाल्यावर मी काय केलं? मी तो खळगा विकला. माझ्या प्रत्येक गोल्फ कोर्सवर एका तरी हिरवळीत डाव्या अंगाला, कडेपासून दोन हातांवर, एक न दिसणारी दबलेली जागा असते. चेंडू तिथं येऊन मन बदलतो. खेळणारे त्यावर चिडतात, मग त्याच्या प्रेमात पडतात. जाणकार मंडळी म्हणतात, ही तुमची सही. कुठून सुचलं, असं विचारलं की मी मान जरा तिरकी करून म्हणते, "लहानपणीची एक आठवण आहे." आणि लोकांना ते फार आवडतं. माझ्या टेबलावर तो सागरगोटा असतो, कागद उडू नयेत म्हणून. दर दिवाळीला मी आतेला साडी पाठवते. भारी पाठवते. तिला त्या नेसवत नाहीत, पेटीत पडून राहतात.

परवा ती ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशी पार झाली, पाठ वाकली, पण पावलं तशीच, पसरट आणि भेगाळलेली. "आलीस गो," म्हणाली. पाणी दिलं. मी न्यायला आले हे तिला ठाऊक होतं. "ईन की. माजं काय हाय हितं?" हे ती अगदी सहज म्हणाली. मी विचारलं, "आते, तू खळं का सारवतेस अजून?"

तिनं हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

"बगते," ती म्हणाली. "उकरते, चोपते, सारवते. मग चालून बगते. कुटं चुकलं व्हतं त्ये गावत नाय. त्या तात्याच्या साली. पायाला लागाया पायजे ना? दर साली चालते. पायाला काय लागत नाय."

चव्वेचाळीस वर्षं. मी तो खळगा देशभर मिरवत होते आणि ही तो अनवाणी शोधत होती.

मी पर्समधून सागरगोटा काढून तिच्या सुपात ठेवला आणि सांगून टाकलं. सगळं. खिळा, पेंढा, शेण, बोटांच्या ओळी, पाठीमागे नेलेली काठी. मला वाटलं होतं मी रडेन. रडायला आलंच नाही. आतेनं सागरगोटा उचलला, अंगठ्यानं चोळला.

"केवढा व्हता?" तिनं विचारलं.

मी मूठ दाखवली.

"कोनच्या अंगाला?"

"उंबराच्या. कडेपासून दोन हात."

तिनं डोळे मिटले. ती मनात खळ्यावरून चालते आहे हे मला दिसत होतं. "म्हंजे पानी बराबर चाललं व्हतं," ती सावकाश म्हणाली. "उतार बराबर व्हता माजा."

"होय आते."

"चोपलंबी व्हतं."

"होय."

मला वाटलं आता ती मला जवळ घेईल. माझ्या वयाच्या बाईला असं वाटावं याचीही लाजच वाटते. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तवा बोलली आसतीस तर दोन धपाटे खाल्ले आसतेस गो," ती म्हणाली. "दोनच."

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगते. उरलेल्या चार घरांत जाऊन सांगते, महाडला सांगते.

"कोनाला? तात्या गेला. त्याची बायको गेली. बोलनाऱ्या बाया गेल्या. त्यांची पोरं मुंबईला. त्यांना खळं म्हंजी काय ते ठावं नाय." ती भिंतीला धरून उठली. आत जाऊन पाण्यानं भरलेली कळशी घेऊन आली. मी घ्यायला पुढे झाले तर तिनं कोपरानं मला बाजूला सारलं. इतक्या वाकलेल्या बाईच्या कोपरात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

उन्हं उंबरावर आली होती. आते खळ्याच्या कडेला थांबली, पदर डोक्यावर घेतला, नीट केला, आणि आत गेली. मी तिच्या मागे पाऊल उचललं.

"तू भायेर ऱ्हा," ती मागे न बघता म्हणाली.

मी थांबले. ती मधोमध गेली आणि तिनं कळशी ओतली. पाणी क्षणभर जागच्या जागी थरथरलं. मग त्याची एक लांब जीभ निघाली, वळली, आणि कुठेही न रेंगाळता उंबराकडे गेली. माझ्या खळग्याच्या जागेवरून गेली. तिथंही थांबली नाही.

आतेनं मान वर केली. तिनं तात्यांच्या पडक्या जोत्याकडे पाहिलं, मग त्याच्या पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या.

"बगा," ती म्हणाली. मोठ्यानं, सतराही घरांना ऐकू जाईल अशी. "बगा."

कुणी बघत नव्हतं. मी होते, खळ्याच्या बाहेर, चपला हातात धरून.